पाठमोरी

‘‘तोंड इकडं करा आणि मग बोला,’’ हुक्केरी सर म्हणाले.

मी दारातच चपला काढत होते. कडेवर राही, खांद्याला पिशवी, पिशवीत तिची बाटली, बिस्किटांचा डबा, दोन जास्तीच्या चड्ड्या. चपलेचा पट्टा सोडवता सोडवता खाली बघूनच मी नाव सांगितलं होतं. ते मान वर करून पुन्हा सांगावं लागलं.

‘‘शर्मिला थोरवडे. एम. ए. मराठी. कॉलेजातल्या मॅडमनी पाठवलंय, कोशाच्या कामासाठी.’’

‘‘हां. आणि या कोण?’’

‘‘राही. हिला घरी ठेवता येत नाही. म्हणजे येतं, सासूबाई आहेत, पण मलाच...’’

‘‘किती वर्षांच्या?’’

‘‘एक वर्ष नऊ महिने. त्रास नाही देत ती. शांत आहे.’’

शांत आहे, हे मी त्या दिवसांत जरा अभिमानानंच सांगायचे.

कऱ्हाडात बी-बियाणांच्या दुकानावर दोन खोल्या, तेच कोशाचं कार्यालय. आमच्या भागात जे शब्द बोलले जातात आणि पुस्तकांत सापडत नाहीत, त्यांचा कोश करायचा म्हणून सर प्राध्यापकी संपल्यावर तिथं येऊन बसले, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. भिंतीला टेकून एक भलं मोठं लाकडी कपाट होतं, त्याला रांगेनं खोल, रुंद खण. एकेका खणावर एकेक अक्षर रंगवलेलं. क, ख, ग, घ. शब्दांची कार्डं त्या खणांत उभी लावलेली. खिडकीखाली सरांचं टेबल. सर नेहमी खिडकीकडं पाठ करून बसत, म्हणजे येणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडे. मला वाटलं, जुन्या मास्तरांची सवय असेल, मुलांवर नजर ठेवायची.

तिसरी व्यक्ती मालनताई. झाडलोट त्याच करायच्या, चहाही त्याच, आणि कोशातले निम्मे शब्दही त्यांच्याच तोंडचे. त्यांनी राहीकडं एकदा बघितलं आणि कपाटातला ‘ङ’चा खण ओढून काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

‘‘घे बाय. ह्यात काय नसतंय बघ कधी. ह्या अक्षराचा एक शब्द गावंना आमाला.’’

‘‘मग खण कशाला केला?’’ मी विचारलं.

‘‘सुतारानं मोजून केलं. त्याला काय ठावं, कुठल्या अक्षराला गिऱ्हाईक हाय. त्यो ‘ञ’ पण तसलाच. पण त्याला सरांनी कुलूप घातलंय. रिकाम्या खणाला कुलूप.’’ आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

राही खणात बसली. अक्षरशः आत बसली, पाय दुमडून. पुढचे सात महिने ती त्याच खणाशी खेळली.

काम सोपं वाटायचं आणि नव्हतं. एका कार्डावर सहा रकाने. शब्द, अर्थ, बोलणाऱ्याचं वाक्य, बोलणारा कोण, गाव कुठलं. हे पाच मला समजले. सहावा रकाना होता ‘तोंड कुठे’.

‘‘म्हणजे?’’

‘‘बोलताना माणूस कुणाकडं, कशाकडं बघत होता. समोर, की गोठ्याकडं, की जमिनीकडं. हे नसेल तर कार्ड रद्द. अर्थ नुसता कानांवर सोडायचा नसतो, बाई.’’

मला ते फारच बारीक वाटलं. पण मी बारीक गोष्टी पाहणारीच बाई. राही झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे. ती किती घोट दूध प्यायली, ते मोजायचे. आणि कुणालाही न दाखवता एका वहीत तिचे शब्द लिहीत होते. पुस्तकात दिलं होतं, दोन वर्षांच्या मुलाला पन्नासेक शब्द येतात. माझ्या वहीत एकच शब्द होता. बा.

बाबांना बा. पाण्याला बा. पापड, भाकरी, मांजर, बस, सगळ्यांना बा.

‘‘आमच्या सुहासनं चौथ्या वर्षी तोंड उघडलं,’’ आत्या म्हणायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. ‘‘आता बघ, बंद करता येतंय का कुणाला.’’

सुहास साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. ते घरी येऊन मुळीच बोलत नसत, त्यामुळं हा विनोद आत्या एकट्याच समजायच्या. डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबा, काही मुलं उशिरा बोलतात. आणि राहीला ऐकू येतं का, हे आम्ही बघितलं होतंच की. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. ढग वाजले की कुशीत शिरायची. आत्यांनी एकदा तिच्या मागं परात आपटली होती, तेव्हा ती रडली होती. ‘‘झालं समाधान?’’ असं आत्या मला म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या महिन्यात मी एक चूक केली. ‘पाठ’ या शब्दाची सगळी कार्डं एका दोऱ्यात बांधून ठेवली. सरांनी दोरा सोडला.

‘‘हे कुणी बांधलं?’’

‘‘मी. एकच शब्द आहे ना.’’

‘‘इथं बसा. समोर. हा ‘पाठ’ काय म्हणतो?’’

‘‘धडा. पाठ करणं.’’

‘‘हा ‘पठ्’पासून आला. आणि ही?’’

‘‘आपली पाठ. शरीराची.’’

‘‘ही ‘पृष्ठ’पासून. तो तो पाठ, ती ती पाठ. दोघांची कधी भेट नाही, गावं वेगळी, वाटा वेगळ्या. चालता चालता दोघांचे कपडे झिजून सारखे झाले, एवढंच. म्हणून काय एका घरात कोंडायचं? एक घर, एक कार्ड. आणि ही तिसरी कुठली?’’

तिसरी मालनताईंची होती. मी ती चुकून आली असं समजून मागं सारली होती. मालनताई दारातून म्हणाल्या, ‘‘शेळीची पोरगी हो. बोकड झाला तर बोकड, न्हाईतर पाठ. आमच्या शेळीला औंदा दोन पाठी झाल्या.’’

सरांचा चेहरा उजळला. ‘‘हिचं घर कुठलं?’’

‘‘मला काय ठावं? शेळीला इचारा.’’

‘‘प्रश्नचिन्ह टाका, बाई. ठाऊक नाही तर ठाऊक नाही. पण कार्ड वेगळं.’’

मी तीन कार्डांना तीन दोरे बांधले. तेवढ्यात राही खणातून उठून आली, माझ्या समोर उभी राहिली, माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, ‘‘बा.’’

‘‘पाणी हवंय?’’ मी बाटली दिली. ती प्यायली. मग मालनताईंच्या हातातल्या भाकरीकडं बोट. ‘‘बा.’’

सर टक लावून बघत होते.

‘‘हिला असे किती आहेत?’’

‘‘काय किती?’’

‘‘बा.’’

मला रडूच आलं. इतके दिवस ज्या प्रश्नाला मी चुकवत होते, तो या माणसानं कौतुकानं विचारला. मी वही काढली. एकच शब्द आहे सर, म्हणाले. पुस्तकात पन्नास सांगितलेत. दोन वर्षं भरायला पाच आठवडे राहिलेत.

सरांनी वही वाचली. मग कोरी कार्डं माझ्यापुढं सरकवली.

‘‘पाण्याचा ‘बा’ पाण्यापासून आलाय. भाकरीचा भाकरीपासून. मांजराचा मनीपासून. गावं वेगळी, वाटा वेगळ्या. तुम्ही आत्ता ‘पाठ’ची केलीत तीच चूक घरीही करताय. एक घर, एक कार्ड. लिहा. सगळे रकाने भरा हां, आळस नको.’’

ते सांगताना मला आजही हसू येतं, आणि लगेच जातं. आम्ही दोघांनी त्या एका आवाजाचा केवढा सोहळा केला. दसऱ्यापर्यंत नऊ कार्डं. दिवाळीनंतर चौदा. सर म्हणाले, ‘‘गंमत बघितलीत? सगळे ओठ मिटून म्हणायचे शब्द. पाणी, बाबा, भाकरी, मनी, बस, पापड. काऊ नाही, चेंडू नाही, दूध नाही. कन्या ओठांची शौकीन आहे.’’ मीही हसले. मराठीची एम. ए. मी. प, फ, ब, भ, म मला पहिलीपासून पाठ होते. घरी जाऊन मी सुहासना म्हणाले, तिला एक नाही, चौदा शब्द येतात. ते म्हणाले, ‘‘आईला सांग.’’ आत्या म्हणाल्या, ‘‘मी काय म्हणत होते?’’ दोन वर्षं भरली, तेव्हा मी डॉक्टरांकडं गेलेच नाही. पहिल्यांदाच रात्री शांत झोपायला लागले होते. ती शांती मला सोडवेना.

डिसेंबरात सरांनी सांगितलं, ‘बा’च्या चौदा कार्डांची एका मोठ्या कागदावर यादी करा, मला ती प्रस्तावनेत घ्यायची आहे. पोर भाषा कशी घडवतं, याचा दाखला म्हणून.

दुपारचे साडेबारा असतील. खाली दुकानात कसलीशी पोती उतरवत होते. मी कागदावर सहा रकाने आखले. राही माझ्यापासून चार हातांवर, कपाटाकडं तोंड करून, खणात चमचे भरत होती. सर त्या दिवशी खुर्ची फिरवून खिडकीकडं तोंड करून बसले होते, कारण मोतीबिंदूची सुरुवात होती आणि उजेडाशिवाय वाचता येत नव्हतं. दोघांच्या पाठी माझ्याकडं.

पहिलं कार्ड. बा. अर्थ पाणी. ‘बा, बा.’ राही. कऱ्हाड. तोंड कुठे: समोर, आईच्या तोंडाकडे.

दुसरं. बा. अर्थ भाकरी. तोंड कुठे: समोर, मालनताईंच्या तोंडाकडे.

तिसरं. समोर.

चौथ्याला मी कंटाळले. ‘समोर’ परत लिहायच्या ऐवजी वरच्यासारखंच या अर्थाच्या दोन रेघा दिल्या. पाचव्याला दोन रेघा. सहाव्याला. अर्थाचा रकाना प्रत्येक ओळीत बदलत होता, वाक्याचा बदलत होता. बोलणारी आणि गाव तेच असणार, हे धरलेलंच होतं. सहाव्या रकान्यात मात्र वरून खालपर्यंत नुसत्या रेघा उतरत गेल्या, शिवणीच्या टाक्यांसारख्या. चौदाव्या ओळीखाली पेन टेकवून मी त्या टाक्यांकडं बघत बसले.

एकही ‘बा’ मागून विचारलेल्या गोष्टीला दिलेला नव्हता. एकही अंधारातला नव्हता. एकही शेजारच्या खोलीतून आलेला नव्हता. आणि सगळे ओठ मिटून म्हणायचे. जे ओठांवर दिसतात ते. काऊ दिसत नाही. दूध दिसत नाही.

‘‘राही,’’ मी म्हणाले.

ती चमचे भरत होती.

‘‘राही. बबी. ए बबी.’’

एक चमचा तिनं काढला, उलटा करून परत ठेवला.

मी उभी राहिले. माझा आवाज चढत गेला, ते मला कळत होतं. ‘‘राही! बघ इकडं! राही!’’

जिन्यावर पावलं धडधडली. मालनताई धापा टाकत वर आल्या. ‘‘काय झालं, ताई? पडली का पोर?’’

मी बोट दाखवलं. पण बोट दाखवतानाच मला दुसरी गोष्ट दिसली. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले होते. खालून मालनताई वर आल्या होत्या. खोलीत दोन माणसं होती आणि दोन्ही पाठी होत्या तशाच होत्या. राही चमच्यांवर वाकलेली. सर कागदावर वाकलेले. सरांनी शांतपणे एक पान उलटलं.

मालनताईंनी माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, ‘‘सरांना ऐकू न्हाई येत, ताई. तोंड बघितल्याबिगर. लई वर्षं झाली. मला ठावं हाय, त्यांना ठावं न्हाई की मला ठावं हाय.’’

आणि मग राहीकडं बघून त्यांचा हात तोंडावर गेला.

सरांना खिडकीच्या काचेत आमची हालचाल दिसली असावी. त्यांनी खुर्ची फिरवली. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सहाव्या रकान्यावर बोट वरून खाली नेलं.

त्यांनी यादी वाचली. मग खरी कार्डं मागितली, एकेक करून चौदाही उलटली.

‘‘मी अर्थ बघत बसलो,’’ ते म्हणाले.

‘‘मीसुद्धा.’’

‘‘तुम्ही आई आहात. कोणी चांगलं सांगितलं तर धरून ठेवणारच. मला कळायला हवं होतं. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडं कशी बघते, ते मी रोज बघत होतो. मला वाटायचं, हुशार आहे. माझ्यासारखी.’’

त्यांनी जानव्याला अडकवावी तशी गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेली एक किल्ली काढली आणि ‘ञ’चा खण उघडला. आत चष्म्याच्या घरासारखी एक निळी डबी होती. डबीत मक्याच्या दाण्याएवढं, कानात घालायचं यंत्र.

‘‘सहा वर्षांपूर्वी घेतलं. दोनदा घातलं असेल. कोश करणाऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण शब्द देईल, असं वाटलं. मग हा सहावा रकाना काढला. लोकांना वाटलं, शास्त्र आहे.’’ ते थोडं हसले. ‘‘निघालं मात्र शास्त्रच.’’

घरी मी सगळं सांगितलं, तेव्हा सुहास ताटावरून उठले, राहीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि तिला नावानं हाक मारली. मग अजून एकदा. मग खाली बसून त्यांनी तिच्या केसांत तोंड खुपसलं. पुण्याला जाऊ, एवढंच म्हणाले.

आत्या ऐकेनात. ‘‘परात आपटली तर रडली होती ना? तू त्या कार्डांच्या नादाला लागून पोरीत खोट शोधतीयास. आणि समजा निघालं काही, तर कानात ते मशीन घालून गावभर फिरवायची? पोरीची जात आहे. उद्या पाहुणे बघायला आले की पहिली नजर कानावर.’’

‘‘आत्या, ती दोन वर्षांची आहे.’’

‘‘होती होती म्हणेस्तोवर वीस वर्षांची होत्यात.’’

सुहास आईपुढं बोलत नसत. पुण्याचं एक आठवडा पुढं गेलं, मग आणखी एक. पुस्तकात दिलं होतं, ऐकणं शिकायची वर्षं थोडी असतात. मी ते रोज वाचायचे आणि रोज भाजी चिरायचे. मागून राहीला हाक मारायची मात्र सोडली होती. भीती वाटायची.

तिसऱ्या रविवारी सकाळी सर घरी आले. न सांगता, मालनताईंना बरोबर घेऊन. सर यायचे म्हणजे आमच्या गल्लीत मोठी गोष्ट, कारण निम्म्या गल्लीला त्यांनी शिकवलं होतं. आत्यांनी पदर सारखा केला, बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकायला लावली आणि सर म्हणाले, ‘‘नको, स्वयंपाकघरातच बसतो. तिथं उजेड बरा आहे.’’

ते आत्यांसमोर पाटावर बसले. ऊस, थंडी, गुडघे, सगळं बोलणं झालं. आत्या खूश होत्या.

‘‘काकू,’’ सर म्हणाले, ‘‘जरा ओट्याकडं तोंड करून काहीतरी बोला बरं माझ्याशी.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘बोला तर.’’

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग चहाच्या निमित्तानं ओट्याकडं वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. सर गप्प. त्या पुन्हा म्हणाल्या. सर पाटाच्या कडेकडं बघत बसलेले. आत्या मागं वळल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती.

‘‘मी विचारते आहे, तर हे...’’

‘‘मला ऐकू येत नाही, काकू. बारा वर्षं झाली.’’

आत्यांच्या हातात साखरेचा डबा तसाच राहिला. सरांनी खिशातून निळी डबी काढली. यंत्र कानात बसवायला त्यांना वेळ लागला, सवय नव्हती. ते खाली पडलं, मालनताईंनी उचलून दिलं. राही माझ्या मांडीवरून उतरली आणि त्यांच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली. त्यांनी कान तिच्याकडं केला. तिनं एक बोट लावून बघितलं.

‘‘हं, आता व्हा पाठमोऱ्या,’’ सर म्हणाले. ‘‘आणि अगदी हळू बोला.’’

आत्या वळल्या. त्यांची पाठ हलत होती, त्या रडत होत्या की काय, मला कळेना. मग अगदी हळू, गॅसच्या आवाजात बुडेल अशा आवाजात म्हणाल्या,

‘‘एवढं मोठं माणूस घरी आलं, आणि साखर किती ते विचारायचंच राहिलं.’’

‘‘अर्धा चमचा,’’ सर म्हणाले.

आत्यांनी चहात दोन चमचे घातले. कप सरांच्या हातात देऊन त्या सुहासना म्हणाल्या, ‘‘उद्याची पहिली गाडी कितीला आहे रे पुण्याला?’’

पुण्याला राहीला झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासलं. मोठे आवाज पोचतात, बोलणं पोचत नाही, दोन्ही कानांनी. अजून उशीर झालेला नाही, असं त्या तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. ते वाक्य मी त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. यंत्रं आली तेव्हा पहिला महिना राही ती ओढून काढायची. आत्यांनी तिला दोन लोकरीच्या टोप्या विणल्या, कान झाकतील अशा. मला वाटलं लपवायला. तर म्हणाल्या, ‘‘पडतील ना गं.’’ सर रोज यंत्र घालून बसू लागले. राहीनं काढलं की तेही काढायचे, तिनं घातलं की तेही घालायचे. मालनताई म्हणायच्या, ‘‘दोन पोरं सांभाळतीया मी.’’

प्रस्तावनेत ती यादी सरांनी घेतली नाही. कार्डं मला दिली. घरच्या बिस्किटांच्या डब्यात ती आहेत. त्यात पंधरावं कार्डही आहे, ते सरांच्या हातचं. एप्रिलातली गोष्ट. राही खणात काहीतरी भरत होती, तोंड कपाटाकडं. मी यादी तपासता तपासता सहज, खरंच सहज, तिचं नाव घेतलं. आणि कपाटाकडून आवाज आला, ‘‘आं?’’

मी पेन खाली ठेवलं नाही. हालले सुद्धा नाही. हाललं तर ते मोडेल असं वाटलं. सरांनी कोरं कार्ड ओढलं आणि लिहिलं:

शब्द: आं. अर्थ: काय म्हणालीस? वाक्य: ‘आं?’ बोलणारी: राही. गाव: कऱ्हाड. तोंड कुठे: पाठमोरी.

शेवटच्या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली, इतकी दाबून की कार्डाच्या मागच्या बाजूला बोटाला ती अजून लागते.

कोश चार वर्षांपूर्वी छापून आला. सर त्यानंतरच्या थंडीत गेले. त्यात ‘पाठ’ तीन आहेत, एकाखाली एक, आणि तिसरीपुढं प्रश्नचिन्ह तसंच आहे. शेळीच्या पोरीचं घर कुणाला अजून सापडलेलं नाही. कपाट कॉलेजात गेलं. ‘ङ’चा खण मात्र आमच्याकडं आहे, मालनताईंनी तो न विचारता उचलून आणला. आत्या त्यात लसूण ठेवतात.

आज संध्याकाळी राही मागच्या पायरीवर बसली होती. अकरा वर्षांची झाली. गुडघ्यावर वही, कानांवर केस, शेजारच्या मैत्रिणीशी कुजबुज चाललेली. जेवायला हाक मारली.

‘‘आले,’’ ती म्हणाली. मान वळवली नाही.

पानं वाढून झाली. आली नाही. शेजारच्या बाई मला सांगतात, या वयात सगळ्याच अशा, तोंड वर करून उत्तर म्हणून देत नाहीत, राग येतो अगदी. मी दारात जाऊन तिच्या पाठीकडं बघत उभी राहिले. मग पुन्हा हाक मारली. तशी काही घाई नव्हती. वरण गरम होतं.

‘‘ऐकलं गं, आई,’’ ती तशीच म्हणाली.